चौदाव्या पानावरचा भूकंप

टेबल हललं तेव्हा हार्लन व्हॅनडरस्लूटच्या मनात पहिला विचार आला तो हा, की हे चौदाव्या पानावर आहे. पाण्याच्या काचेच्या बाटल्या एकमेकींना लागून किणकिणल्या, सातव्या मजल्याच्या खिडक्या कुरकुरल्या, आणि वार्षिक अहवालाच्या छाननी समितीची उरलेली तीन माणसं शाळेत शिकवल्याप्रमाणे डोकं झाकून टेबलाखाली गेली. हार्लन तेवढा खुर्चीत बसून राहिला. यात धैर्य वगैरे काही नव्हतं. कंपनीचं मुख्यालय भूकंपप्रवण भागात आहे आणि मोठा धक्का बसल्यास धंद्याला गंभीर बाधा येऊ शकते, हे वाक्य त्यानेच बावीस वर्षांपूर्वी लिहिलं होतं, दर वर्षी एखादं विशेषण चारून ते अंगाने भरवलं होतं, आणि एकदा लिहून, वकिलांकडून तपासून, छापून झालेल्या गोष्टीला पुन्हा घाबरायचंही असतं हे त्याला चटकन सुचलंच नाही.

"हार्लन, खाली ये ना बाबा," टेबलाखालून रूबेनचा आवाज आला. रूबेन कॅस्टेलानो युरोपातल्या नियमांचं बघायचा, आणि त्याचा आवाज एरवीही टेबलाखालून आल्यासारखाच यायचा.

"थांबला," हार्लन म्हणाला. "आता मागाहून छोटे धक्के येऊ शकतात."

"तेही लिहिलंयस?"

"त्याच वाक्यात आहे. स्वल्पविरामानंतर."

माणसं एकेक करून वर आली, गुडघे झटकले, हसली, आपापल्या घरी फोन लावून झाले. मग सगळ्यांनी हार्लनकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं. कौतुकाने असेल असं त्याला आधी वाटलं, पण हुइ-जू वेन म्हणाली, "तुझ्या लक्षात तरी आलं ना, जमीन हलली ते?" आणि त्याला मनातून लागलं. आलं होतं की लक्षात. पान क्रमांकासकट आलं होतं.

कंपनी फोन बनवायची, घड्याळं बनवायची, कानात घालायची बोंडं बनवायची, आणि जगात जिथे जिथे वीज पोचली होती तिथे तिथे ती विकायची. दर वर्षी ऑक्टोबरात तिचा वार्षिक अहवाल निघायचा. पुढच्या पानांवर काय कमावलं ते असायचं आणि मधल्या एका जाडजूड प्रकरणात काय काय बुडू शकतं ते असायचं. हे मधलं प्रकरण हार्लनचं. लोकांच्या खिशात पैसे उरणार नाहीत. एका बेटावर बनणारा सुटा भाग एका दिवशी त्या बेटावरून निघणारच नाही. कुठलं तरी सरकार सकाळी उठून आयातकर वाढवेल आणि दुपारी कमी करेल, आणि त्यातलं कुठलं खरं हे संध्याकाळपर्यंत कळणार नाही. ब्रसेल्सचे साहेब म्हणतील की तुमच्या फोनवरच्या दुकानात तुम्ही दुसऱ्यालाही दुकान मांडू द्या. चलन घसरेल, साथ येईल, कोर्टात हराल, किंवा जिंकाल पण तोवर ते उपकरण कुणालाच नको असेल. हे सगळं शांत, सपाट, गुळगुळीत भाषेत. हार्लनच्या भाषेत आग लागत नसे, आगीची शक्यता नाकारता येत नसे. या प्रकरणाचा एकच रिवाज होता आणि तो कुणी कुठे लिहून ठेवलेला नव्हता. घातलेला धोका काढायचा नाही. एकदा आत आला की तो घरजावयासारखा कायमचा. कारण काढला, तर कुणीतरी विचारणार, का काढला? म्हणजे आता तसं होणार नाही याची तुम्हाला खात्री आहे? आणि पुढच्याच महिन्यात ते झालं म्हणजे?

आणि आज नेमकी हीच मागणी आली होती. प्रिसिला एंगस्ट्रॉम ही कंपनीच्या तिजोरीची नवी प्रमुख, कुत्र्यांचं खाणं बनवणाऱ्या कंपनीतून आलेली, त्यामुळे तिला अजून साध्या गोष्टी साध्या वाटायच्या. भूकंपाने विस्कटलेले कागद सारखे करत ती म्हणाली, "माझं म्हणणं एवढंच, की हे वाचायला कादंबरीएवढं झालंय. एक काढा. फक्त एक. कुठलाही. सुरुवात तरी होईल."

"आयातकराचा काढता येणार नाही," हुइ-जू लगेच म्हणाली. सगळा माल कुठून कुठे जातो ते ती बघायची. "काल रात्री पुन्हा बदललाय."

"ब्रसेल्सचा तर नाहीच नाही," रूबेन म्हणाला. "तिथली एक बाई माझ्याकडे बघून हसली होती. त्या हसण्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही."

"मग साथीचा?"

प्रत्येकजण मागची साथ आठवत बसला.

"बरं, भूकंपाचा?" प्रिसिलाने विचारलं, आणि मग स्वतःच हात वर केले. "राहू दे. आज नको."

हार्लन ऐकत होता आणि ऐकत नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजत आले होते. चार वाजता, डोंगरापलीकडे, हाफ मून बे या समुद्रकाठच्या गावी, मारिसेलाच्या स्वयंपाकघरात एक निवृत्त दंतवैद्य येऊन बसणार होता, आणि त्याच्या आधी हार्लनने एक उत्तर द्यायचं होतं. रविवारपासून ते उत्तर त्याच्या छातीत अडकून होतं. मारिसेला ओचोआ कड्यावर राहायची, समुद्राकडे तोंड करून, आणि घरामागे जाडपानांची झाडं लावून आठवडी बाजारात विकायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. हार्लन तिच्याकडे पहिल्यांदा गेला तो एक रोप परत करायला. त्याला पाणी जास्त झालं तर काय, कमी झालं तर काय, असे प्रश्न त्याने लिहूनच नेले होते. तिने ते सगळे ऐकून घेतले, रोप परत घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही दर रविवारी येऊन याला बघून जा. घरी नेऊ नका. घाबरून मरेल ते." तेव्हापासून तो दर रविवारी जायचा. रोपाचं आता झाड झालं होतं.

तर परवाच्या रविवारी ती कुंपण सरकवत होती. हे तिचं दर वर्षाचं काम. समुद्र दर हिवाळ्यात कड्याचा थोडा लचका तोडायचा, आणि ती पुढच्या थंडीआधी खांब उपटून थोडे घराच्या बाजूला रोवायची, पुन्हा तारा ओढायची, आणि त्या नव्या रेषेला लागून पुन्हा रोपं लावायची. हार्लन खांब धरून उभा होता आणि किती वर्षांत स्वयंपाकघर जाईल याचा मनातल्या मनात हिशोब करत होता. तेवढ्यात ती हात पुसत म्हणाली, "हार्लन, इथेच राहायला ये आता. किती दिवस गाडी हाकणार? वरच्या खोलीसाठी गुरुवारी चारला एक माणूस बघायला येणार आहे, दंतवैद्य होता म्हणे. त्याच्या आधी काय ते मला सांग."

यावर माणूस हो म्हणतो, किंवा नाही म्हणतो, किंवा निदान तिचा हात हातात घेतो. हार्लनच्या हातात खांब होता. आणि तो काय बोलला? रविवारपासून हे आठवलं की त्याचे कान तापायचे. आकडे जाहीर होईपर्यंतचे काही आठवडे कंपनीत मौनकाळ असायचा. त्या दिवसांत पुढे काय होईल याबद्दल बाहेरच्या कुणाशी चकार शब्द काढायचा नाही, बातमीदाराशी नाही, शेजाऱ्याशी नाही, न्हाव्याशी नाही. बावीस वर्षं दर ऑक्टोबरात त्याने हे पाळलं होतं, ते त्याच्या जिभेच्या हाडात मुरलं होतं, जिभेला हाड असतं तर. तो गंभीरपणे म्हणाला, "मारिसेला, सध्या आमचा मौनकाळ चालू आहे. भविष्याबद्दल मला काही बोलता येत नाही."

ती आधी हसली. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिचं हसू ओसरलं. "बरं," ती म्हणाली. "खांब सरळ धर." आणि तिने ठोकायला घेतलं. एवढंच. पण त्यानंतरच्या प्रत्येक ठोक्याला तो मनाशी म्हणत होता, आता बोल, आता बोल, आणि खांब तेवढा जमिनीत जात होता.

हे त्याचं आजचं नव्हतं. त्याचे वडील नेब्रास्कात गारपिटीचा विमा विकायचे आणि रात्री जेवताना, आईने मक्याची कणसं वाढलेली असताना, या मक्याचं काय काय होऊ शकलं असतं ते सांगायचे. मुलं ते ऐकत कणसं खायची, आणि हार्लनला ती तशीच गोड लागायची. भीती आणि लोणी एकदमच खायची सवय. पुढे ग्रेटाशी लग्न झालं. मधुचंद्राला दोघं मोठ्या दरीच्या काठी गेले होते. सूर्य मावळत होता, ग्रेटाने डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं होतं, आणि हार्लनने शेजारची धोक्याची पाटी मोठ्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत, वाचून दाखवली होती. बारा वर्षांनी सोडून जाताना ग्रेटाने त्या पाटीची आठवण काढली. तोवर तो ती विसरूनही गेला होता. ती जाणार हे त्याला अजिबात दिसलं नव्हतं. इतकी वर्षं दुसऱ्यांचे धोके हुंगत फिरणाऱ्या माणसाच्या घरातून ताटवाट्या गेल्या आणि त्याला रिकाम्या कपाटाचं दार उघडेपर्यंत कळलं नाही. त्या रात्री तो खूप रडला होता. नंतर त्याने ते कधी कुणाला सांगितलं नाही. आणि आता पुन्हा कपाट घ्यायचं, पुन्हा ताटवाट्या लावायच्या, ते या वयात, खचणाऱ्या कड्यावर. रविवारपासून चार रात्री तो त्या वरच्या खोलीत मनाने राहून आला होता. तिचा जिना उभा होता, कठडा एकाच बाजूला. छत उतरतं, म्हणजे पलंगावरून उठताना रोज डोकं आपटणार. खिडकी समुद्राकडे, म्हणजे रात्रभर वारा. चारही रात्री मनातल्या मनात तो त्या जिन्यावरून पडला होता.

"हार्लन, तुम्ही सांगा," प्रिसिला म्हणत होती. "तुमचं बाळ आहे. कुठला काढू?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. तो त्या जाड प्रकरणाकडे बघत होता. एकही काढता येण्यासारखा नव्हता. प्रत्येक धोका खरा होता, आणि पुढेही खराच राहणार होता, आणि चार वाजेपर्यंत तो हे प्रकरण असंच धरून बसला असता तर वरच्या खोलीत दंतवैद्याचे दात मोजायचे आरसे लागले असते. तो उठला. समितीच्या बैठकीतून मध्येच उठण्याची त्याची ही पहिलीच वेळ.

"मला जायला हवं," तो म्हणाला.

"भूकंपामुळे?"

"नाही. दंतवैद्य."

"अरे, मग आधी सांगायचं," रूबेन कळवळून म्हणाला. "म्हणून मघाशी हलला नाहीस होय. दाढ असली ना की माणसाला दुसरं काही सुचत नाही."

डोंगरातून समुद्राकडे जाणारा रस्ता एकपदरी आणि ऑक्टोबरात त्यावर भोपळे. हाफ मून बेला शनिवारपासून भोपळ्यांची जत्रा, तेव्हा अख्खं राज्य तिकडे लोटलेलं, आणि हार्लनच्या पुढे एक मालमोटार होती, तिच्यात नारिंगी भोपळ्यांचा ढीग, आणि प्रत्येक वळणावर तो ढीग त्याच्याकडे कलून बघायचा. मालमोटार चालत होती असं म्हणण्यापेक्षा विचार करत होती. साडेतीन झाले. काही करण्यासारखं नव्हतं म्हणून त्याने मनात उजळणी सुरू केली. मारिसेलाला काय काय सांगून ठेवलं पाहिजे, कारण तिला अंधारात ठेवणं योग्य नाही. माझं कोलेस्टेरॉल. माझं घोरणं. मी रागावत नाही, पण गप्प बसतो, आणि ते जास्त वाईट आहे असं ग्रेटा म्हणायची. मला कुत्र्याची भीती वाटते आणि तुझ्या कुत्र्याला ते माहीत आहे. कंपनी मला पुढच्या वर्षी घरी बसवू शकते. मी तुझ्या आधी मरू शकतो. तू माझ्या आधी मरू शकतेस, आणि हे मला चालणार नाही. इथे त्याचे डोळे भरून आले आणि पुढचे भोपळे एकमेकांत मिसळले.

आणि मग, एका वळणावर, मालमोटार पूर्ण थांबलेली असताना, त्याला एक गोष्ट दिसली जी बावीस वर्षं त्याच्या समोर होती. त्याने दर ऑक्टोबरात कंपनी कशी कशी बुडेल ते लिहिलं, आणि दर नोव्हेंबरात लोकांनी तिचे शेअर घेतले. कधी वाचून, बहुतेक न वाचता. तेही जाऊ दे. त्याने स्वतः काय केलं होतं? म्हातारपणासाठी साठवलेलं सगळंच्या सगळं त्याने याच कंपनीत ठेवलं होतं. जगात एकच माणूस होता ज्याने ते प्रकरण प्रत्येक शब्दासकट वाचलं होतं, आणि त्याच माणसाने सगळं त्यातच ठेवलं होतं, आणि रात्री गाढ झोपला होता. हार्लन गाडीत एकटाच हसायला लागला. मागच्या गाडीने भोंगा दिला. मालमोटार केव्हाच पुढे गेली होती.

तो पोचला तेव्हा सव्वाचार झाले होते. दारात एक परकी गाडी होती. स्वयंपाकघरात भोपळ्याचा पाव कापलेला, कॉफीचा वास, आणि खिडकीशी एक उंच, नीटनेटका म्हातारा गळ्यात दुर्बीण अडकवून बसलेला.

"हे डॉक्टर प्रेंटिस," मारिसेला म्हणाली. तिने हार्लनकडे पाहिलं नाही. "त्यांना खोली आवडली."

"वरून बगळे फार छान दिसतात," डॉक्टर म्हणाले. "जिना जरा उभा आहे, पण पाय बरे आहेत माझे."

"खोली त्यांना दिली मी," मारिसेला म्हणाली.

हार्लन उभाच होता. रिकाम्या कपाटाच्या दारासमोर राहिला होता तसाच. "दिलीस?"

"मग? चार वाजून गेले. चार दिवस झाले. तुझा मौनकाळ संपायचाय ना अजून?"

"पण मग मी..." त्याने वर बोट दाखवलं. "मला वाटलं, ती खोली माझ्यासाठी... मी त्या जिन्याचा सगळा विचार केला होता. कठड्याचा. छत उतरतं आहे, त्याचाही."

मारिसेलाने आता त्याच्याकडे पाहिलं. हातातली सुरी खाली ठेवली. "वरची खोली? तुला?" ती म्हणाली. "अरे माणसा, वरची खोली भाड्यानेच द्यायची होती. छपराचा खर्च निघतो त्यात. घरात आणखी कोण असणार हे भाडेकरूला आधी सांगायला नको का, म्हणून चारच्या आधी सांग म्हटलं. तू खाली राहणार होतास. माझ्या खोलीत. तुला वर चढवून मी काय करू?"

डॉक्टर प्रेंटिस दुर्बिणीतून बाहेर बघायला लागले, जरी तिकडे नुसतं धुकं होतं.

चार रात्री तो ज्या जिन्यावरून पडला तो जिना त्याचा नव्हताच. ज्या छताला डोकं आपटलं ते दंतवैद्याचं होतं. आणि तिच्या खोलीचा, जिथे तो खरोखर राहणार होता, त्याने एक क्षणही विचार केला नव्हता. तिथे काय काय होऊ शकतं याचं त्याच्याजवळ एक ओळसुद्धा लिखाण नव्हतं. त्याला फार भीती वाटली, आणि फार आनंद झाला, आणि दोन्ही एकदम झालं. त्याच वेळी टेबल हललं. कपबश्या वाजल्या, खिडकीची काच थरथरली, आणि हार्लन, दुपारी शरमलेला, या खेपेला एक क्षणही न दवडता, डोकं झाकून टेबलाखाली गेला.

तिथे कुत्रा आधीच होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघंही हलले नाहीत.

"हार्लन," वरून मारिसेलाचा आवाज आला. "भोपळ्याची मालमोटार आहे. रस्त्यावरून गेली की घर हलतं. रोजचं आहे."

टेबलाखाली अंधार होता, पावाचे कण होते, तिचे मातीने भरलेले बूट दिसत होते. जमीन स्थिर झाली होती. बाहेर समुद्र होता, तो पुढच्या हिवाळ्यात पुन्हा लचका तोडणार होता, आणि ती पुन्हा खांब सरकवणार होती, आणि खांब कुणीतरी सरळ धरायला हवा होता.

"हो," हार्लन म्हणाला.

"काय हो?"

"राहायला येतो."

बूट एक पाऊल जवळ आले. मग तिचा चेहरा वाकून खाली आला, उलटा, केस लोंबते. ती वाट बघत होती. त्याच्या लक्षात आलं ती कशाची वाट बघते आहे. ती 'पण', 'परंतु', 'तथापि' यांची वाट बघत होती. त्याच्या तोंडात सगळे तयार होते, कोलेस्टेरॉलपासून मरणापर्यंत. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

"बाहेर ये मग," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

"येतो," तो म्हणाला, आणि तिथेच राहिला.

"हार्लन?"

"गुडघा धरला आहे," तो म्हणाला. "हे मी सांगायला हवं होतं. हे माझ्या यादीतच नव्हतं."

तेव्हा एका बाजूने मारिसेलाने आणि दुसऱ्या बाजूने डॉक्टर प्रेंटिस यांनी, दाढ काढतात तसं जपून, त्याला हळूहळू बाहेर ओढलं.